पडद्यावर आपले घर शोधताना

गेल्या वर्षी आमच्या उर्दू शाळेच्या सालाना जलशासाठी मुलांनी एक छोटे नाटुकले बसवले. विषय नेहमीचाच, कौमी एकता. गावात पूर येतो, शेजारी एकमेकांना मदत करतात आणि शेवटी सगळे मिळून तिरंग्याला सलामी देतात. पात्रे मुलांनीच ठरवली होती. एक पाटील, एक पाद्री, एक सरदारजी आणि एक मुसलमान. सातवीतला एक मुलगा 'मुसलमान' झाला होता. वाचकांना हसू येईल, कारण वर्गातली सगळीच मुले मुसलमान. तरीही त्यांना एका मुलाला वेगळे करून मुसलमान बनवावे लागले.

हा मुलगा तालमीला आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत सुरमा होता, गळ्यात चौकडीचा रुमाल होता आणि हनुवटीला कापसाची दाढी चिकटवलेली होती. प्रत्येक वाक्याआधी 'जनाब' आणि नंतर 'माशाल्लाह'. मधूनच हात कपाळाकडे नेऊन वाकून आदाब. या मुलाचे वडील मुरबे गावात बोटींना बर्फ पोहोचवणाऱ्या टेम्पोवर काम करतात. पहाटे उठतात, बंदरावर जातात आणि तांडेलांशी आमच्या किनाऱ्याच्या मराठीत हुज्जत घालतात. आम्ही मुलाला विचारले, "अरे, तुझे अब्बा असे बोलतात का?" तो गोंधळला. म्हणाला, "नहीं सर. लेकिन फिल्म में मुसलमान ऐसेच बोलते ना?"

त्या उत्तराने आमची झोप उडवली. बारा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या बापाला डोळ्यांनी पाहिलेले आहे, तरी मुसलमान कसा असतो हे त्याला पडद्याने शिकवले. आणि बापापेक्षा त्याचा पडद्यावर विश्वास जास्त. त्या रात्रीपासून आम्ही आपल्या आयुष्यात पाहिलेले चित्रपट आणि मालिका एकेक करून आठवू लागलो. आमचे वय आज पस्तिशीपलीकडे आहे. दूरदर्शनच्या काळात बालपण गेले, केबलच्या काळात तारुण्य आले आणि आता मोबाईलच्या काळात वर्गात उभे आहोत. इतक्या वर्षांत काय लक्षात राहिले आणि का, याचा हा हिशेब आहे. हिशेबासाठी आम्ही तीन साधे प्रश्न ठरवले. पडद्यावरचा मुसलमान पोटासाठी काय काम करतो? तो कुठल्या गावाची भाषा बोलतो? आणि आपण कोण आहोत याची सफाई त्याला कुणापुढे द्यावी लागते का?

शेजारच्या घरातला बगदाद

आमच्या घरी टीव्ही नव्हता. अब्बा तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जात. टीव्हीने पोरे बिघडतात आणि नमाज चुकते, असे त्यांचे म्हणणे होते. दादी तर त्याला शैतानाचा डबा म्हणत असे. म्हणून आम्ही टीव्ही पाहिला तो शेजारच्या मांगेला काकूंच्या घरी. त्यांच्या कौलांवर बांबूला बांधलेला उंच अँटेना होता. समुद्रावरून वारा सुटला की तो फिरायचा आणि चित्राच्या जागी मुंग्या यायच्या. मग कुणीतरी अंगणात जाऊन बांबू फिरवायचा आणि आतून सगळे ओरडायचे, "आलं, आलं, आता हलवू नको!" मगरिबची अजान सुरू झाली की काकू न सांगता आवाज बारीक करायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, "जा रे, घरून हाक येईल."

त्या घरात आम्ही 'अलिफ लैला' पाहिली. रामानंद सागर यांच्या संस्थेची ही मालिका १९९३ पासून काही वर्षे दूरदर्शनवर चालली. जिन, उडते गालिचे, सिंदबादची गलबते. आज ते सारे पुठ्ठ्याचे वाटते. पण तेव्हा आम्हा पोरांची छाती फुगायची, कारण शूर माणसांची नावे आमच्या नावांसारखी होती. वर्गात ज्या नावांवर हसले जाते ती नावे इथे राक्षसाला मारत होती. सिंदबाद दर्यावर जायचा आणि आमच्याही दारातून लोक दर्यावर जायचे, त्यामुळे तो तर आम्हाला गावातलाच वाटायचा.

मोठेपणी लक्षात आले की या आनंदात एक खोट होती. ही सारी माणसे बगदाद आणि बसऱ्याची होती. आम्हाला नकळत अशी सवय लागली की आपल्या नावाची माणसे पडद्यावर यायची असतील तर ती दूरच्या देशातून आणि फार जुन्या काळातून येणार. मुरबे, सातपाटी किंवा चिंचणीतून कुणी येणार नाही. त्या वयात हे कळले नाही. आवडले मात्र मनापासून, आणि ते आजही नाकारत नाही.

झुंबर आणि उधारी

नंतर व्हीसीआर आणि व्हीसीडी आल्या. लग्नघरात रात्री भाड्याने सेट आणायचा आणि मेहंदी सुकेपर्यंत तीन तीन चित्रपट पाहायचे. बायकांच्या पसंतीचे चित्रपट ठरलेले असत. 'चौदहवी का चाँद' (१९६०), 'मेरे महबूब' (१९६३), 'पाकीजा' (१९७२). ज्याला मुस्लिम सोशल म्हणत, तो हा प्रकार. पुढे २००४ साली 'मुघल-ए-आझम' रंगीत होऊन पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याची सीडी घरोघर फिरली. या चित्रपटांचे उपकार आम्ही विसरणार नाही. आम्ही उर्दू शिकवतो. शब्द कसा उच्चारावा, वाक्य कुठे थांबवावे, अदब म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकाआधी आम्हाला या चित्रपटांनी शिकवले. दिलीपकुमार आणि पृथ्वीराज कपूर यांचे संवाद ऐकून ज्यांना 'क' आणि 'क़' मधला फरक कळला, असे आमच्यासारखे अनेक असतील.

पण आमचे तीन प्रश्न लावून पाहा. या चित्रपटांतले लोक काम काय करतात? ते नवाब आहेत, शायर आहेत, शहजादे आहेत. बायका कोठ्यावर आहेत किंवा चिलमनीआड आहेत. त्यांच्या घरी झुंबर आहे, चूल दिसत नाही. कोकणातला शेतकरी, भिवंडीचा यंत्रमागवाला, सोलापूरचा विडी कामगार या महालांच्या फाटकापर्यंतही पोहोचत नाही. देशातल्या बहुसंख्य मुसलमानांनी लखनौ पाहिलेले नाही, पण पडद्यावर सगळेच लखनौचे. आमच्या विद्यार्थ्याचा तो वाकून केलेला आदाब इथूनच आलेला आहे. ज्या तहजीबीने आम्हाला भाषा दिली, तिनेच आमच्या पोराला बापाची भाषा कमी वाटायला लावली. शिक्षक म्हणून हे आमच्यासाठी अवघड सत्य आहे, कारण या दुसऱ्या कामात आमचाही हातभार लागला असेल.

याच भाषेची एक मालिका मात्र आम्ही वेगळी ठेवतो. १९८८ सालची गुलजारांची 'मिर्झा गालिब'. आम्ही ती पुढे सीडीवर पाहिली. अब्बांनी घरात टीव्ही आणल्यावर ज्या दोन-तीन गोष्टींना परवानगी होती, त्यांत ती होती. नसिरुद्दीन शाह यांचा गालिब शाल पांघरून गल्लीतून चालतो आणि त्याच्यामागे उधारी चालते. पेन्शनसाठी अर्ज, सावकाराचा तगादा, लहानपणीच गेलेली मुले, घरात गप्प बसलेली बायको. जगजित सिंग यांचा आवाज त्या दारिद्र्याला झाकत नाही. नववीच्या वर्गात गालिब शिकवताना आम्ही या मालिकेतले तुकडे मोबाईलवर दाखवतो. एका मुलाने विचारले होते, "सर, इतना बड़ा शायर और किराने का बिल नहीं भर सकता?" आम्हाला वाटते, गालिब त्या मुलाला त्या क्षणी समजला. ज्या माणसाला उधारी आहे तो माणूस परका राहत नाही.

तोच चेहरा

अब्बांना नसिरुद्दीन शाह फार आवडत. नटाचे नाव त्यांच्या लक्षात राहत नसे. 'आपला गालिब' म्हणत. मग एका ईदला बोईसरला नातेवाइकांकडे केबलवर 'सरफरोश' लागला होता. १९९९ चा हा चित्रपट. आमिर खानचा प्रामाणिक पोलीस अधिकारी, वेगवान कथा, सगळे रंगून पाहत होते. त्यात एक पाकिस्तानी गझल गायक आहे, गुलफाम हसन. नाजूक बोलणारा, मैफली गाजवणारा. शेवटी कळते की शस्त्रांच्या सगळ्या व्यवहारामागे तोच आहे. ती भूमिका नसिरुद्दीन शाह यांची. अब्बा सरळ होऊन बसले आणि म्हणाले, "हा आपला गालिब ना?" कुणी उत्तर दिले नाही. ते उठून बाहेर गेले.

नटाने खलनायक करू नये असे आमचे म्हणणे नाही. नसिरुद्दीन शाह यांनी ती भूमिका उत्तमच केली आहे. चित्रपटही वाईट नाही. त्यातल्या इन्स्पेक्टर सलीमची घालमेल दिग्दर्शक जॉन मॅथ्यू मथान यांनी प्रामाणिकपणे दाखवली आहे. पण अकरा वर्षांत काय घडले ते पाहा. १९८८ साली गझल गाणारा चेहरा घरातला होता. १९९९ साली त्याच चेहऱ्यावर, त्याच गझलेवर संशय आला. मधल्या काळात ६ डिसेंबर १९९२ होऊन गेला, मुंबईच्या दंगली झाल्या, १९९३ चे बाँबस्फोट झाले आणि १९९९ च्याच उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध पेटले. पडद्यावरचा नवाब गेला आणि त्याच्या जागी दोन माणसे आली. एक जो देश तोडतो, दुसरा जो आपण देश तोडत नाही हे सिद्ध करत राहतो. इन्स्पेक्टर सलीम हा दुसरा माणूस. तो चांगला आहे, पण चांगलेपणाचा दाखला त्याला रोज द्यावा लागतो.

'चक दे! इंडिया' (२००७) आमच्या पिढीचा लाडका चित्रपट. पाकिस्तानविरुद्धचा सामना हरल्यावर कबीर खानच्या घराच्या भिंतीवर 'गद्दार' लिहिले जाते, ते दृश्य पाहताना आमच्या घरात कुणी बोलले नव्हते. शाहरुख खानने त्या भूमिकेत आवाज चढवला नाही, यातच तिची ताकद आहे. तरी आज पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकते. कबीर खानला स्वतःच्या घरात मान वर करून परतण्यासाठी विश्वचषक जिंकावा लागतो. सातही वर्ग मिळून एक पेला न जिंकलेल्या आमच्या शाळेतल्या मुलांनी काय करावे?

ज्यांना घर होते

असे असले तरी काही चित्रपटांनी आम्हाला आपले घर दाखवले. सर्वात आधी एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा'. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा जैदी यांनी लिहिलेला हा चित्रपट १९७४ साली प्रदर्शित झाला. बलराज साहनी त्यात आग्र्याच्या सलीम मिर्झाच्या भूमिकेत आहेत. फाळणीची गोष्ट, पण दंगलीचे रक्त जवळजवळ नाही. आहे तो जोड्यांचा कारखाना. हे लोक उद्या पाकिस्तानात गेले तर, या भीतीने बँक कर्ज देत नाही, ऑर्डरी थांबतात, हवेली हातची जाते, भाड्याने घर मिळत नाही. म्हातारी आई हवेली सोडायला तयार नसते आणि अखेरचा श्वास घ्यायला तिला पालखीतून त्याच हवेलीत आणावे लागते. एक माणूस आपल्या धंद्यातून, गल्लीतून आणि नात्यांतून हळूहळू कसा बाहेर ढकलला जातो, हे इतक्या शांतपणे आम्ही दुसरीकडे पाहिले नाही. सलीम मिर्झाची वेदना आम्हाला कळते कारण त्याचा धंदा आम्हाला कळतो.

दुसरा सईद अख्तर मिर्झा यांचा 'नसीम' (१९९५). १९९२ सालच्या जूनपासून डिसेंबरपर्यंतचा मुंबईतला काळ. शाळेत जाणारी पंधरा वर्षांची मुलगी, अंथरुणाला खिळलेले आजोबा आणि बाहेर वाढत चाललेला गोंगाट. आजोबांची भूमिका खुद्द कैफी आझमींनी केली आहे. आपण पाकिस्तानात का गेलो नाही, असा प्रश्न घरात निघतो तेव्हा आजोबा इतिहास सांगत बसत नाहीत. आग्र्याच्या घरासमोरच्या एका झाडाची गोष्ट सांगतात. ते झाड आजीला फार आवडायचे. आजोबा ६ डिसेंबरला जातात. आम्ही हा चित्रपट बी.एड.च्या वर्षात पाहिला आणि शिक्षकाने मुलाच्या प्रश्नाला कसे उत्तर द्यावे हे आम्हाला त्यातून जेवढे समजले, तेवढे कुठल्या तासाला समजले नसेल.

तिसरा चित्रपट हा आमच्या मते या सगळ्यांत अधिक साधा आणि म्हणून अधिक दुर्मीळ. नागेश कुकुनूर यांचा 'इक्बाल' (२००५). बोलता-ऐकता न येणारा एक खेडेगावातला मुलगा म्हशी राखतो आणि वेगवान गोलंदाज व्हायचे स्वप्न पाहतो. बाप शेतकरी. त्याला वाटते पोराने शेती करावी. आई आणि धाकटी बहीण खदीजा बापाच्या चोरून त्याला साथ देतात. बहीण त्याच्या हातवाऱ्यांचे शब्द करून जगाला सांगते. हे मुसलमानाचे घर आहे हे नावांवरून कळते आणि मग चित्रपट त्याविषयी काहीच बोलत नाही. कुणी सफाई मागत नाही, कुणी देत नाही. बापाची काळजी पिकाची आणि पैशांची आहे. आम्हाला हे घर पाहताक्षणी ओळखू आले. आमचेच होते ते. इक्बाल झाला होता आपला मराठी नट श्रेयस तळपदे आणि दारूच्या आहारी गेलेला त्याचा गुरू होते नसिरुद्दीन शाह. त्यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अब्बांना आम्ही मुद्दाम हा चित्रपट दाखवला. संपल्यावर म्हणाले, "गालिब परत आला." आम्हाला तेवढे पुरे होते.

कुणी म्हणेल, मुसलमानाची गोष्ट मुसलमानानेच सांगावी असे तुम्हाला वाटते. तसे अजिबात नाही. सथ्यू, बलराज साहनी, कुकुनूर, तळपदे यांच्यापैकी कुणी मुसलमान नाही. सांगणारा कुठल्या घरातला आहे यापेक्षा तो कुठल्या घरात जाऊन बसला, तिथे काय शिजते आहे आणि कुठली बिले थकली आहेत हे त्याने पाहिले का, एवढाच प्रश्न आहे.

मराठी पडद्याचे काय?

हे सगळे हिंदीचे झाले. आपण मराठीत लिहितो, मराठीत वाचतो, हा अंकही मराठी आहे. मराठी पडद्यावर आपण कुठे आहोत?

याचे एक उत्तर फार जुने आहे आणि ते अभिमान वाटावा असे आहे. १९४१ साली प्रभातने 'शेजारी' काढला, हिंदीत 'पडोसी'. दिग्दर्शक व्ही. शांताराम. एका खेड्यातले दोन जिवलग म्हातारे, जिवबा आणि मिर्झा. शेजारी राहतात आणि बुद्धिबळ खेळतात. धरणाचे काम घेऊन एक ठेकेदार गावात येतो आणि या दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे एकमेकांचा हात धरून पाण्यात जातात. मराठीत जिवबा केशवराव दातेंनी आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी साकारला. हिंदीत तर गंमत अशी की जागीरदार मिर्झाच राहिले आणि हिंदू ठाकूर झाले मजहर खान. हा मिर्झा नवाब नाही. तो गावकरी आहे, गावाची मराठी बोलतो, गावाच्या भांडणात भांडतो आणि गावाबरोबर मरतो. फाळणीच्या सहा वर्षे आधी मराठीने हे करून दाखवले होते.

आमच्या किनाऱ्यावर हा चित्रपट आज वेगळाच दिसतो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव आहे आणि दर्या राहील की जाईल याची चर्चा घरोघर चालू आहे. मोठा प्रकल्प गावात येतो तेव्हा जमीन आणि पाण्याबरोबर शेजारही पणाला लागतो, हे शांतारामांनी तेव्हाच ओळखले होते. मांगेला काकूंच्या घरातला आणि आमच्या घरातला ओटा एकच आहे. तो तसाच राहावा, एवढे तरी आमच्या हातात असावे.

पण 'शेजारी'नंतर? आम्ही लहानपणापासून सह्याद्री वाहिनी पाहत आलो, नंतर खासगी मराठी वाहिन्या पाहिल्या. त्या मालिकांतल्या सासवा-सुना आमच्या घरातल्या बायकांनाही पाठ आहेत. त्यांच्या सुखदुःखात आमच्या अम्मी रडल्या आहेत. पण त्या चाळीत, त्या वाड्यात, त्या सोसायटीत आमचे घर आम्हाला कधी ठळकपणे दिसले नाही. दिसला तो ईदच्या भागापुरता शीरखुर्मा घेऊन येणारा पाहुणा. बोलायचा तो मोडके हिंदी. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारा मुसलमान मराठी मालिकेत आला की त्याची मराठी कुठे जाते, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) हे कोडे एका फटक्यात बाजूला सारले. परश्याचा दोस्त सलीम, म्हणजे सल्या, हा करमाळ्याकडची तीच रांगडी मराठी बोलतो जी त्याचे मित्र बोलतात. विहिरीत उड्या मारतो, दोस्ताच्या प्रेमासाठी मार खातो. त्याच्या धर्मावर एक भाषणही नाही. अरबाज शेखने तो इतका सहज केला की आमच्या वर्गातली मुले कित्येक दिवस एकमेकांना सल्या म्हणत होती. आमच्या मुलांनी पडद्यावरच्या मुसलमानाची नक्कल करावी आणि ती स्वतःसारखीच निघावी, असे आम्ही तेव्हा प्रथमच पाहिले.

आणि 'हलाल' (२०१७). आपले ज्येष्ठ कथाकार राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी केलेला हा चित्रपट. पूर्ण वस्ती मुसलमानांची आणि पूर्ण चित्रपट मराठीत. याचे महत्त्व मोठे आहे आणि त्यातला प्रश्नही खरा आहे. तलाकने बाईच्या आयुष्याची फरफट होते हे आपण नाकारू नये. आपल्या घरातल्या बायकांनी ते पाहिले आहे. तरी मनात एक सल राहतो. मराठी कॅमेरा आमच्या मोहल्ल्यात पूर्ण वेळ घेऊन आला, तो तलाकचा प्रश्न घेऊन आला. दोष राजन खान यांचा नाही. त्यांनी आतून, दुःखाने लिहिले आहे. दोष हा की याच्या शेजारी ठेवायला दुसरे दहा चित्रपट नाहीत. दहा असते तर 'हलाल' हा त्यांतला एक धाडसी चित्रपट ठरला असता. एकटा असल्यामुळे बाहेरच्या प्रेक्षकाला तोच आमचा पूर्ण पत्ता वाटतो.

मालेगावचा धडा

हे दहा चित्रपट कुणी काढायचे? इथे आपल्याला स्वतःकडेही बोट दाखवावे लागेल. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्याकडे कविता झाली, कथा झाली, वैचारिक लेखन तर पुष्कळ झाले. नाटक आणि पटकथा मात्र हाताच्या बोटांवर. घरात 'सिनेमा वाईट' म्हणायचे आणि रात्री तोच पाहायचा, या दुटप्पीपणाने आपली कितीतरी पोरे लिहायची राहून गेली. अब्बांच्या धाकाचा आम्हाला राग नाही. त्यामागे काळजी होती. पण पोरे पाहणारच असतील तर त्यांना पाहायला आणि लिहायला शिकवणे, हे शिक्षकाचे काम आहे.

मालेगावने हे काम कुणाची वाट न पाहता केले. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली गावातल्याच माणसांना घेऊन, जवळजवळ पैशांशिवाय 'मालेगाव के शोले' बनवला. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. त्यातला सुपरमॅन आहे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काडीसारखा माणूस. तो उडतो तेव्हा आपण हसतो आणि हसता हसता गप्प होतो, कारण खाली उतरून त्याला मागावरच जायचे आहे. तो आज हयात नाही. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला तेव्हा ही कहाणी देशभर पोहोचली. ज्या गावाचे नाव २००६ आणि २००८ च्या स्फोटांमुळे बातम्यांत आले, त्या गावाने जगाला आपली ओळख विनोदातून करून दिली. मालेगावच्या पोरांनी 'शोले' उचलला, पण त्यात भाषा मालेगावची घातली. आमचे पहिले दोन प्रश्न त्यांनी आपोआप सोडवले. तिसरा तर त्यांच्या डोक्यातच आला नाही.

आता त्या नाटुकल्याविषयी. आम्ही मुलांना सांगितले की संहिता पुन्हा लिहू, आणि या वेळी 'मुसलमान' या पात्राला नाव द्यायचे, काम द्यायचे आणि त्याच्या घरी बोलतात तसे बोलू द्यायचे. मुलगा दोन दिवस काहीच लिहून आणेना. तिसऱ्या दिवशी एक पान घेऊन आला. पात्राचे नाव होते मुश्ताकभाई, टेम्पोवाले. पूर येतो तेव्हा मुश्ताकभाई बर्फ उतरवून टाकतात आणि टेम्पोत म्हाताऱ्यांना बसवतात. वाटेत पाटलाशी भाडे आणि डिझेलवरून भांडतात. उर्दू शाळेच्या जलशात ते भांडण मराठीत ठेवायचे का, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. आम्ही म्हटले, ठेवू.

जलशाच्या दिवशी त्या मुलाचे वडील मागे उभे राहून पाहत होते. भांडणाचा प्रसंग आला तसे सगळे लोक वळून त्यांच्याकडे पाहू लागले आणि हसू लागले. तेही हसले, जरा लाजून. कापसाची दाढी या वेळी सरदारजीला दिली होती. त्याची संहिता पुढच्या वर्षी पुन्हा लिहायची आहे.